साळूचा आवाज

१

शाळा सुटून मुलं घरी आली, हातपाय धुऊन काहीतरी खाऊन झालं की बाईंचा वर्ग भरायचा. वर्ग म्हणजे लॅपटॉपच्या पडद्यावरच्या चौकटी आणि प्रत्येक चौकटीत एक डोकं. पहिली-दुसरीतली पोरं, वेगवेगळ्या गावांतली, एकमेकांना कधी न भेटलेली. कुणाचं नुसतं कपाळ दिसायचं, कुणी टेबलाखाली बसून उत्तरं द्यायचा, कुणाची धाकटी बहीण मध्येच येऊन कॅमेरा चाटायची. बाई त्यांना इंग्रजी शिकवायच्या. चित्राचं कार्ड कॅमेऱ्यासमोर धरायचं, शब्द म्हणायचा, मग सगळ्यांनी तो आपापल्या सवडीनं म्हणायचा. नेटच्या कृपेनं एकाच शब्दाचे तुकडे मागेपुढे येत राहायचे. ॲपल, ॲपल, पल, पल.

आधी बाई शाळेत जायच्या. आईला मेंदूचा झटका आला, तिची उजवी बाजू लुळी पडली आणि वाचाही गेली, तेव्हा त्यांनी शाळा सोडली आणि घरबसल्या हे काम धरलं. घर दोन खोल्यांचं. नेट नीट यायचं ते आतल्या खोलीत, उजेडही तिथेच चांगला, म्हणून टेबल आईच्या पलंगाच्या पायथ्याशीच लावलं होतं. मुलांना बाईंच्या मागची भिंत आणि कपाट दिसायचं. आई असायची लॅपटॉपच्या पलीकडे. मान जरा उंच केली की बाईंना ती दिसायची. तिला मुलं दिसायची नाहीत, नुसती ऐकू यायची.

आईनं उभं आयुष्य शिवणकामात काढलं होतं आणि तेवढाच वेळ बोलण्यात. गिऱ्हाइकांशी बोलायची, कोणी नसलं तर मशीनशी. तोंडात टाचण्या धरूनसुद्धा तिचं बोलणं थांबायचं नाही. आता ती तासन्‌तास छताकडे बघत पडायची. दिवसा मदतीला मावशी यायच्या, त्या तिला आजी म्हणायच्या. बाईंचा धाकटा भाऊ दूरच्या शहरात नोकरीला होता, तो रविवारी फोन करायचा आणि आईच्या कानाशी फोन धरायला लावून एकटाच बोलायचा.

वर्गातली सगळ्यात बोलकी पोर म्हणजे साळू. खरं नाव दुसरंच होतं, पण ती तिच्या आईच्या टॅबवरून यायची आणि चौकटीखाली 'साळू' एवढंच लिहिलेलं असायचं. साळुंकीसारखी दिवसभर कलकल, म्हणून घरच्यांनी ठेवलेलं नाव. पुढचे दात पडलेले. बोलताना उजव्या हातानं वेणीचं टोक बोटाला गुंडाळायचं, सोडायचं, पुन्हा गुंडाळायचं. तिला बटरफ्लाय म्हणता यायचं नाही. ती म्हणायची, बटरफाय. बाई सुधारायच्या, "फ्लाय, साळू. फ्ला."

"हां, तेच तर म्हटलं मी. बटरफाय."

सगळी मुलं हसायची, आणि सगळ्यांत जास्त साळू.

२

एका दुपारी वर्ग संपला. बाईंनी लॅपटॉप मिटला आणि आईचं दूध गरम करायला त्या स्वयंपाकघरात गेल्या. दूध कपात ओतत असताना आतून आवाज आला.

"बटरफाय."

कॉल बंद करायचा राहिला असेल असं वाटून बाई परत आल्या. लॅपटॉप उघडला. पडदा काळा होता. त्या तशाच उभ्या राहिल्या. समोरच्या गॅरेजमध्ये कुणीतरी पत्रा ठोकत होतं. मग तो शब्द पुन्हा आला आणि या वेळी तो उशीवरून आला.

आई छताकडेच बघत होती. आवाज तिचाच होता, बरेच दिवस न वापरल्यामुळे घोगरा झालेला. शब्द मात्र स्वच्छ होता. बाईंनी कप कुठेतरी टेकवला आणि वाकून विचारलं, "आई, काय म्हणालीस?"

"बटरफाय," आई म्हणाली आणि बाईंच्या तोंडाकडे बघत राहिली, शाबासकीची वाट बघावी तशी.

बाई पलंगाच्या कडेला बसून रडल्या. मग त्यांनी भावाला फोन केला. त्यानं आईकडून तो शब्द पुन्हा पुन्हा म्हणवून घेतला. मावशींनी सगळ्या मजल्यावर बातमी पोचवली. वाचा परत यावी म्हणून आईला तपासणाऱ्या डॉक्टरीणबाई होत्या, त्यांना मात्र नवल वाटलं नाही. त्यांनी समजावून सांगितलं की मेंदूची जुनी वाट बुजली की तो नवी शोधतो, आणि रोज कानावर पडणारं, गाण्यासारखं घोकलेलं असं आधी परत येतं. भाषा कुठली ते महत्त्वाचं नाही. वर्ग तिच्या खोलीतच चालू ठेवा, असंही त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी बाईंनी मुद्दाम फुलपाखराचं कार्ड काढलं आणि आधी साळूलाच विचारलं.

साळू कार्डाकडे बघत राहिली. तिनं तोंड उघडलं, मिटलं. कधी न पाहिलेली वस्तू समोर धरली की मूल बघतं तसं ती बघत होती.

"अगं, तुझं लाडकं ना हे?" बाई म्हणाल्या.

टेबलाखालच्या मुलानं 'बटरफ्लाय' असं ओरडून उत्तर देऊन टाकलं आणि वर्ग पुढे गेला. मुलं विसरतात. बाईंना त्यात काही वावगं वाटलं नाही.

३

आई बोलायला लागली. आज मंकी, उद्या रेड बॉल, मग एकदम अंडर द टेबल. दूध दिलं की मिल्क म्हणायची, पडदा सरकवला की विंडो. आपल्या भाषेतला एकही शब्द नाही. मावशी म्हणाल्या, "म्हातारपणी मडम झाल्या की हो आजी!" बाई हसल्या. घरात हसू येऊन बरेच दिवस झाले होते.

एक गोष्ट त्यांच्या मनाला टोचत होती, पण त्यांनी ती बाजूला सारली. आई शब्द म्हणताना शेवटी आवाज वर न्यायची, 'बरोबर ना?' असं विचारावं तसा. आणि स्नेकला थ्नेक म्हणायची. समोरचे दात पडलेलं मूल म्हणेल तसं. आईचे दात तर सगळे शाबूत होते, आयुष्यभर तिनं त्या दातांनी दोरा तोडला होता. झटक्यानं जबडा सैल पडला असेल, बाईंनी मनाशी म्हटलं. जीभ जड झाली असेल.

साळूकडे त्यांचं लक्षच नव्हतं. खरं सांगायचं तर आईच्या तोंडून उद्या काय निघेल यापलीकडे त्यांचं कशाकडेच लक्ष नव्हतं. साळू गप्प बसते हे आधी मुलांनीच हेरलं.

"टीचर, साळू म्यूट आहे," टेबलाखालचा मुलगा म्हणाला.

साळू म्यूट नव्हती. तिच्या चौकटीतून पंख्याची घरघर येत होती, कुणीतरी भांडं ठेवल्याचा आवाज येत होता, तिचा श्वासही येत होता. बोलणं तेवढं येत नव्हतं. वेणी खांद्यावर नुसती पडून होती.

त्याच आठवड्यात बाई हजेरी घेत होत्या. एकेक नाव घ्यायचं, मुलानं 'येस टीचर' म्हणायचं. साळूचं नाव आलं.

"साळू?"

"येस टीचर."

पुढचं नाव बाईंच्या ओठांवर आलं होतं, ते तिथेच थांबलं. त्यांनी मान उंच करून लॅपटॉपच्या वरून पाहिलं. आई उशीवरून मान उचलून बघत होती. डोळे मोठे केलेले, चेहऱ्यावर पहिल्या बाकावरच्या मुलीची घाई.

"टीचर," कुणीतरी म्हणालं, "साळूचं तोंड नाही हललं."

संध्याकाळी साळूच्या आईचा फोन आला. साळू घरीसुद्धा बोलत नाही, म्हणाली. बोलायला जाते आणि शब्दच सापडत नाही. उजव्या हातातून पेन्सिल गळून पडते. डॉक्टरांनी तपासलं, त्यांना काही सापडलं नाही. कशाची धास्ती घेतलीय का ते बघा, म्हणाले. तिनं चाचरत विचारलं, "वर्गात काही झालं का हो, टीचर? कुणी रागावलं का तिला?"

नाही, असं काही नाही, बाई म्हणाल्या. फोन ठेवला आणि टेबल ओढत स्वयंपाकघरात नेलं.

४

स्वयंपाकघरातून वर्ग सुरू झाला. मधलं दार बाई लावून घ्यायच्या. मुलांना आता बाईंच्या मागे शेगडी आणि डबे दिसायचे, आणि त्यावरून दोन-चार दिवस त्यांची चंगळ झाली. टीचर, आज काय शिजतंय, टीचर, तो मोठा डबा कशाचा.

आधी साळूचं हसू परत आलं. मग एका दुपारी तिनं वेणीचं टोक उचललं, बोटाला गुंडाळलं आणि कुणी न विचारताच म्हणाली, "बटरफाय." बाईंनी या वेळी तिला सुधारलं नाही. छातीवरचं ओझं उतरावं तसं त्यांना वाटलं, आणि असं वाटलं म्हणूनच त्या घाबरल्या. ओझं उतरलं म्हणजे ते होतं असं झालं. आपण असं कसं मानून बसलो? एक पोर रुसली होती, आता तिची कळी खुलली. एका म्हातारीला चार शब्द आले होते, ते...

ते गेले होते. दारापलीकडे काही हालचाल नव्हती. आईनं भिंतीकडे तोंड केलं होतं. चमचा ओठांशी नेला तर ओठ उघडत नव्हते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, असे चढउतार चालायचेच. रविवारी भावानं फोन केला आणि बराच वेळ 'आई, बोल ना' म्हणत राहिला. शेवटी तो बाईंनाच म्हणाला, "परवापर्यंत बोलत होती. काय बदललंस तू?"

काय सांगणार? दूर बसून बदलाचा हिशेब मागणं सोपं असतं, असं बाईंच्या मनात आलं.

त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी दुपारी, आईची कूस बदलताना त्यांना उशी ओली लागली. आईनं त्यांच्याकडे पाहिलं नाही. बाई कितीतरी वेळ तिच्या केसांवरून हात फिरवत राहिल्या. आई गप्प असताना खोली किती मोठी वाटते, हे त्यांना नव्यानं कळलं.

त्याच दिवशी वर्गात नेट अडकलं. सगळ्या चौकटी थिजल्या, एका मुलाचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. स्वयंपाकघरात नेट धड येत नाही हे खरंच होतं, मुलांचे पालकही कुरकुरत होते. बाईंनी टेबल पुन्हा आतल्या खोलीत नेलं. नेटसाठीच. फक्त, टेबल ओढताना त्यांनी मावशींना हाक मारली नाही. त्या भाजी आणायला खाली गेल्या तेवढ्यात एकट्यानंच, पाय उचलून उचलून, आवाज होऊ न देता नेलं.

५

आई बोलायला लागली. त्याच दिवशी, वर्ग संपायच्या आत.

मग बाईंनी साळूच्या आईला फोन करून सुचवलं की पोर मागे पडतेय, तेव्हा तिला थोडा वेळ वेगळं शिकवू. साळूच्या आईनं किती आभार मानले! बाई ते ऐकत राहिल्या. पडताळा बघायचा, एवढंच आहे, त्यांनी स्वतःला बजावलं. एकदा खात्री झाली की हे सगळं आपल्या डोक्यातलं खूळ आहे हे कळेल, आणि मग विषय संपला.

पण कुठला शब्द शिकवायचा हे त्यांनी आधीच ठरवलं होतं.

साळू एकटीच चौकटीत आली, म्हणून ती आज पडदाभर मोठी दिसत होती. बाईंनी बाहुलीचं कार्ड धरलं.

"डॉल," साळू कशीबशी म्हणाली.

"शाब्बास. आमच्या घरी बाहुलीला ठकी म्हणतात. तिला हाक मारून दाखव. ठके, म्हण."

साळूनं विचारलं, "कुणाचं नाव आहे हे?"

"माझंच. माझी आई मला अशी हाक मारायची."

"आता नाही मारत?"

जगात त्या नावानं हाक मारणारं दुसरं कुणी उरलं नव्हतं. भावाला ते आठवतही नसेल. "तू म्हण ना," त्या म्हणाल्या.

"ठके," साळू म्हणाली.

"अजून."

साळू म्हणत राहिली. दर खेपेला आवाज थोडा बारीक होत गेला. बाईंनी लॅपटॉपच्या वरून पाहिलं. आईचे डोळे मिटलेले होते. ओठ साळूच्या बरोबरीनं हलत होते, मागून नव्हे, अगदी त्याच क्षणाला. आणि पांघरुणावर पडलेला तिचा उजवा हात, झटका आल्यापासून एकदाही न हललेला, त्याचं पहिलं बोट हवेत हळूहळू फिरत होतं. काहीतरी गुंडाळत होतं, सोडत होतं, पुन्हा गुंडाळत होतं.

बाईंनी पडद्याकडे पाहिलं. साळूचा उजवा हात टेबलावरून खाली घसरला होता. तो खाली कसा पडला आहे ते दिसत नव्हतं.

"टीचर, झालं का?" साळूनं विचारलं. एवढं बोलायलाही तिला कष्ट पडले. "मला दमायला होतंय."

बाई तिथे थांबू शकल्या असत्या. त्यांचा हात लॅपटॉपच्या झाकणावर गेलाही होता.

"एकदाच अजून," त्या म्हणाल्या.

६

संध्याकाळभर त्या आईजवळ बसून राहिल्या. आई गाढ झोपली होती, दुधालाही उठली नाही. सकाळीही झोपलेलीच. मावशी म्हणाल्या, लागलीय झोप तर लागू द्या.

दुपारी बाईंनी वर्ग उघडला. वेळ व्हायची होती, पण साळू आलेली होती. एकटीच. ती ताठ बसली होती. एरवी तिची चौकट सारखी हलायची, कधी हनुवटी, कधी छत. आज टॅब कशाला तरी नीट टेकवून ठेवला होता. साळू बाईंकडे बघत होती. मग तिची नजर बाईंच्या गळ्यावरून खांद्यावर गेली, एका खांद्यावरून दुसऱ्यावर, आणि बाहीवरून खाली उतरली. अंगावरचा कपडा कसा बसलाय हे बघताना शिवणारी बाई बघते तशी.

"ठके," साळू म्हणाली. दात पडलेल्या तोंडाचा, पोरीचाच आवाज. "किती वाळलीस गं."

बाईंनी टेबलाची कड धरली. आपणच तर काल शिकवलं हे नाव. आणि लहान मुलं मोठ्यांचं ऐकून काय काय बोलतात, किती वाळलीस हे तर पाहुणे आले की प्रत्येक घरात कुणीतरी म्हणतंच.

"साळू," त्या म्हणाल्या, "इंग्लिशमध्ये बोल बघू."

"खांदे उतरलेत तुझे. सगळे कपडे आत घ्यावे लागतील." पोरीच्या कपाळाला आठी पडली होती. "वेळेवर जेवत जा."

"आई?" बाई म्हणाल्या. आपण असं म्हणालो हे त्यांना ते कानांवर पडल्यावर कळलं.

साळूनं एकदा मागे वळून पाहिलं. तिच्या मागे दार होतं आणि दारापलीकडे कुणीतरी गुणगुणत काम करत होतं. ती पुन्हा वळली आणि आवाज खाली आणून म्हणाली, "इथे मला चालता येतं गं."

त्यानंतर तिनं हात पुढे केला. लहानसा तळवा मोठा मोठा होत आला आणि कॅमेऱ्यावर टेकला. चौकट काळी झाली, आणि मग नाहीशीच झाली.

तेवढ्यात टेबलाखालचा मुलगा आला. मग ती धाकट्या बहिणीवाली आली. एकेक चौकट उजळत गेली आणि प्रत्येकातून 'गुड आफ्टरनून टीचर' येऊ लागलं. बाईंनी कार्डं उचलली. त्या दिवशी त्यांनी काय शिकवलं ते त्यांना कधीच आठवलं नाही, पण वर्ग पूर्ण घेतला.

७

वर्ग संपता संपता पलंगावरची जागी झाली.

"टीचर."

बाईंनी लॅपटॉप मिटला नाही. त्यांना त्याच्या वरून पलीकडे बघायचं नव्हतं.

"टीचर, मी दिसत नाहीये." आवाज आईचा होता, घोगरा, म्हातारा. भाषा आपलीच होती, इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. "सगळे दिसतात का तुम्हाला? मी नाहीये. माझा कॅमेरा लागत नाहीये का?"

पांघरुणाची सळसळ झाली. उजवा हात पांघरुणावर काहीतरी चाचपत होता. सपाट, चौकोनी, रोज समोर असणारं काहीतरी. ते सापडेना. मग हात डोळ्यांसमोर गेला आणि तिथेच राहिला. निळ्या शिरा, सुयांनी टोचून टोचून निबर झालेली बोटं. तो हात तिनं उलटा केला, सुलटा केला.

"टीचर," ती अगदी हळू म्हणाली, "हा कुणाचा आहे?"

डॉक्टरीणबाईंना बाईंनी त्याच दिवशी बोलावून घेतलं. त्यांनी पाहिलं, ऐकलं, आणि त्यांना फार आनंद झाला. हात हलतोय, अख्खी वाक्यं येतायत, एवढी सुधारणा त्यांनी क्वचितच पाहिली होती. उरलेलं मनावर घेऊ नका, त्या म्हणाल्या. या आजारात माणसं लहानपणात जाऊन बसतात, स्वतःच्या आईला हाका मारतात, आपलं अंग ओळखत नाहीत. खोटंखोटं का होईना, हो ला हो म्हणत जा. हळूहळू निवळतं.

बाईंनी मान डोलावली. सगळं बरोबर होतं. कुणालाही पटेल असंच होतं. जाताना डॉक्टरीणबाईंनी वाकून विचारलं, "आजी, कसं वाटतंय?" आणि पलंगावरची त्यांच्याकडे न बघता दाराकडे बघत राहिली, शाळेबाहेर सगळ्यांना न्यायला कुणी ना कुणी आलं आणि आपल्यालाच नाही, अशा मुलीसारखी.

८

साळू वर्गात आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही, त्यानंतरही नाही. बाईंनी तिच्या आईचा नंबर कितीदा काढला आणि ठेवून दिला. म्हणायचं काय? तुमची मुलगी नीट बघा, असं? कुणाकडे बोट दाखवायचं?

शेवटी तिकडूनच फोन आला. बाई तेव्हा पलंगाशी बसून मऊ केलेलं बिस्कीट भरवत होत्या. हात खरकटे, म्हणून त्यांनी कोपरानं स्पीकर चालू केला आणि फोन पांघरुणावर ठेवला.

साळूच्या आईचा आवाज खोलीत पसरला, मोकळा, आनंदी. साळू आता छान आहे, ती सांगत होती. बोलते कमी, पण बोलते ते शहाण्यासारखं. हातही सुधारला. वर्ग मात्र तिला नको म्हणते, आता पुरे झालं इंग्रजी म्हणते, म्हणून कळवायला फोन केला. "टीचर, इतकी मोठ्या बाईसारखी वागते ना! काल तिच्या बाबांच्या शर्टाचं बटण तुटलं, तर हिनं आपणहून सुईदोरा घेतला. असं बेतून लावलं की मला नाही जमणार. कुणी शिकवलं कोण जाणे. आत्ताही इथेच बसलीय माझ्यासमोर, काहीतरी शिवतेय. मी फोन लावला तशी माझ्याकडे..."

"आई!"

पलंगावरची उठून बसायला धडपडत होती. चमचा निसटून चादरीवर पडला. तिचे डोळे फोनवर खिळले होते आणि अख्खा म्हातारा चेहरा उजळून निघाला होता.

फोनमध्ये पंखा घरघरत होता.

"कोण होतं ते?" साळूच्या आईनं विचारलं. तिच्या आवाजातलं हसू गेलं होतं. "नाही, म्हणजे... साळू इथेच आहे माझ्यासमोर. पण ती हाक मारायची ना अगदी तशीच... शेवटी असं ओढून... कोण आहे तिथे, टीचर?"

बाईंनी पलंगाकडे पाहिलं. सुरकुत्या आईच्या होत्या. भुवईवरचा जुना व्रण आईचा होता. हनुवटीला बिस्कीट लागलं होतं. दोन्ही हात फोनकडे पसरलेले होते, आणि डोळे बाईंकडे वळले होते, आता टीचर सांगतील, आता टीचर सगळं नीट सांगतील अशा भरवशानं.

एका वाक्याचं काम होतं. ते वाक्य उच्चारलं की तिकडे ती सुई हातात घेऊन बसलेली उठेल, तिच्याकडे सगळे नव्या नजरेनं बघू लागतील. आणि मग तिचं काय होईल? तिला कुठे परत यावं लागेल?

"माझी आई आहे," बाई म्हणाल्या. "आजारी असते."

"अच्छा," साळूची आई म्हणाली. पण तिनं फोन ठेवला नाही. ती ऐकत होती. तिचा श्वास ऐकू येत होता.

"आई, मी इथे आहे," पलंगावरून हलक्या, समजावणीच्या सुरात आलं. "आई, मी इथेच आहे गं."

बाईंनी अंगठ्यानं फोन बंद केला. मग चादरीवरचा चमचा उचलून पुसला, बिस्कीट पुन्हा दुधात बुडवलं आणि त्या तोंडापाशी नेलं.

"आ कर," त्या म्हणाल्या.

तोंड उघडलं नाही. डोळे फोनवर होते, आणि ते तो पुन्हा वाजायची वाट बघत होते.